चार रंग, चार पॅलेट आणि मऊ पट्टी: आठ महिने वापरल्यावर

१४ एप्रिलला चार दिवस उरले होते. रात्री साडेअकराला माझ्या स्क्रीन प्रिंटिंगच्या मशीनवर, गडद निळ्या टी-शर्टवरच्या पांढऱ्या अक्षरांना सोनेरी कड बसायची, ती सरकून बसायला लागली. सरकली किती, तर जेमतेम एक मिलिमीटर. पण अक्षराच्या कडेला एक मिलिमीटर लांबूनही डोळ्यात खुपतो. जयंतीच्या १८० टी-शर्टांपैकी २३ वाया गेले. त्या २३ टी-शर्टांनी मला हे लिहायला बसवलंय.

मशीन चार रंग-चार पॅलेटचं (पॅलेट म्हणजे टी-शर्ट चढवायची फळी), हाताने फिरवायचं. परराज्यातल्या विक्रेत्याकडून मागवलं, भाड्यासकट ३६ हजारांत लातुरात पोचलं. चार रंग-एक पॅलेट पंधरा हजारांत मिळत होतं. पहिले दोन महिने तर वरचे एकवीस हजार पाण्यात गेले असंच वाटायचं, कारण कोचिंग क्लासची कामं म्हणजे पांढरा टी-शर्ट आणि एकच रंग. ते एका पॅलेटवरही झालं असतं.

गडद कपडा यायला लागला तेव्हा मत फिरलं. काळ्या-निळ्यावर आधी पांढरा मारायचा, फ्लॅशखाली, म्हणजे वरून तापवणाऱ्या हीटरखाली, वाळवायचा, पुन्हा पांढरा, मग वरचा रंग. एकच पॅलेट असेल तर फ्लॅश होईपर्यंत हात बांधून उभं राहायचं. चार असले की एक फ्लॅशखाली, दुसऱ्यावर स्क्विजी (शाई ओढायचं रबर), तिसऱ्यावरून टी-शर्ट उतरतोय. दोघं मिळून तासाला पस्तीसेक निघतात. एकवीस हजार इथे वसूल झाले.

आता पट्टीचं सांगतो. जाळीची फ्रेम धरणारा आर्म खाली आला की त्याचं बेअरिंग पॅलेटच्या बुडाशी दोन उभ्या पट्ट्यांच्या मधे जाऊन घट्ट बसतं. रंगावर रंग बसणं सगळं या जागेवर. आधी मी लाकडी फ्रेमांना दोष दिला, धुऊन धुऊन लाकूड वाकलं असेल म्हणून. ॲल्युमिनियमच्या चार फ्रेम आणल्या. आर्मचा झोल, म्हणजे ढिलेपणा, तसाच. पॅलेटचे बोल्ट आवळले, तरी तसाच. विक्रेत्याने व्हिडिओ मागवला आणि म्हणाला, वॉरंटी फक्त वेल्डिंगची, तुम्ही आर्म आपटता. हे मला फार लागलं. सहा हजार टी-शर्ट छापायचे तर आर्म पंधरा-वीस हजार वेळा खाली यायचाच.

शेवटी एक पॅलेट आर्मसकट उचकटून एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेला. त्याने बेअरिंग बोटाने फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मालक, हेला काही झालं न्हाई. पट्टी बगा की." नख फिरवलं तर दोन्ही पट्ट्यांवर नख अडकेल अशी खाच. त्याने कोपऱ्यात कानस ओढली, लगेच चकचकीत कीस पडला. बेअरिंग कडक पोलादाचं आणि पट्टी साध्या मऊ लोखंडाची, मग झिजणार कोण? ईएन-८ पोलादाच्या आठ पट्ट्या, नीट पाणी देऊन (तापवून, बुडवून कडक करून), १,२०० रुपयांत झाल्या. तीन महिने झाले, झोल नाही.

म्हणून मशीन बघायला जाताना खिशात कानस ठेवा. विचारून, पट्टीच्या कोपऱ्यात एक हात मारा. कीस सहज पडला तर पट्ट्यांचा खर्च किमतीत धरा. मग आर्म खाली बसवून फ्रेमच्या टोकाला धरून आडवा हलवा, आणि हे चारही पॅलेटवर करा. दुकानदार एकच दाखवतो.

बाकी तक्रार नाही. स्प्रिंगा दमदार आहेत. स्टँड हलकं आहे, फरशीला बोल्ट मारलेच पाहिजेत. मायक्रो रजिस्ट्रेशन (फ्रेम बारीक सरकवून रंग जुळवायची सोय) नाही, दोन-तीन रंगांपर्यंत अडलं नाही. मेमध्ये पाण्यावरची शाई जाळीतच वाळते, सारखी फ्रेम धुवावी लागते. २०१६ ला ज्या गावाने मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, तिथे हे जिवावर येतं. मी उन्हाळाभर प्लास्टिसोल, म्हणजे प्लास्टिकची शाई, वापरतो. ती जाळीत वाळत नाही, फक्त १६० अंशांपर्यंत नीट शेकली पाहिजे, नाहीतर धुण्यात तडकते.

विक्रेत्याला खाचा पडलेल्या पट्ट्यांचे फोटो पाठवलेत, उत्तर नाही. बनवतानाच पाणी दिलेली पट्टी टाकून त्यांनी दीड हजार जास्त मागितले असते, तर मी खुशीने दिले असते.