दुकानासमोरच्या आगंतुक गाड्या: पाटी, खांब, बॅरियर की जॅमर?

खर्च करण्याआधी मंजूर नकाशा काढून बघा. दुकानासमोरची जागा तुमच्या प्लॉटमधली आहे, सोसायटीची सामायिक आहे, की पालिकेच्या रस्त्याची? सामायिक असेल तर खांब रोवायला सोसायटीचा ठराव हवा. रस्ता असेल तर तुमची साखळी, कुंड्या आणि ड्रम हेच अतिक्रमण. आगंतुक गाडी राहील आणि पालिका तुमचे ड्रम उचलून नेईल. पुढचं सगळं स्वतःच्या जागेपुरतं.

मोह सगळ्यात जास्त चाकाला कुलूप घालणाऱ्या जॅमरचा होतो, आणि तोच सगळ्यात वाईट पर्याय. एक तर जी गाडी जावी असं वाटतं, तिलाच आपण कुलूप घालून तिथे ठेवतो. दुसरं, पोलिसांच्या जॅमरमागे कायदा असतो, तुमच्या नाही. मालकाने भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली, म्हणजे अडवून ठेवल्याची, तक्रार केली तर खुलासे देत तुम्ही बसाल. ‘हवा सोडली जाईल’ या आपल्या लाडक्या पाटीचंही तेच. पाटी लावणं वेगळं, खरंच हवा सोडली की आगळिकीची, म्हणजे मुद्दाम नुकसान केल्याची, तक्रार अंगावर.

पाटी मात्र हवीच, साधी: ‘खासगी जागा. फक्त ग्राहकांसाठी, सकाळी 10 ते रात्री 9’, खाली मोबाइल नंबर. ती कुणाला थांबवत नाही. पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

पोलिसांकडून काय मिळेल? गाडी उचलण्याची मोटार वाहन कायद्यातली तरतूद, कलम 127, सार्वजनिक जागेसाठी आहे. त्यामुळे गेटबाहेर रस्त्यावर वाट अडवणारी गाडी उचलली जाते, कंपाउंडच्या आतल्या गाडीला हात लावायला पोलीस कचरतात. न्याय संहितेतल्या अतिक्रमणाच्या कलम 329 ला त्रास देण्याचा किंवा गुन्ह्याचा हेतू लागतो. घाईत गाडी टाकून गेलेल्याचा तो दाखवणं कठीण. तरी वाट अडली असेल तर 112 लावा: नंबरावरून मालकाचा फोन शोधून पोलिसांनी एक कॉल केला तरी पुष्कळदा काम होतं. तीच गाडी पुन्हापुन्हा येत असेल तर तारखेसह फोटो जोडून लेखी तक्रार द्या.

खरा उपाय गाडी आत येण्याआधीचा. साखळी स्वस्त, पण रात्री दिसत नाही. दुचाकीवाला तिच्यावर आपटला तर भांडण तुमच्याशी. लावायचीच तर फूटफूट अंतरावर चमकणारी पट्टी लावा. आणि ती रोज कोण लावणार ते ठरवा, नाहीतर आठवड्याभरात ती जमिनीवर लोळत पडते.

लोखंडी खांब जास्त भरवशाचे. 4 इंची पाइप, जमिनीवर अडीच-तीन फूट, खाली दीड फूट काँक्रीटमध्ये. मधलं अंतर 1.2 मीटर: कार अडते, व्हीलचेअर आणि हातगाडी जाते. दुचाकीही जाते, हे गृहीत धरा. खोदण्याआधी पाण्याची लाइन आणि केबल कुठून गेली ते विचारा. अग्निशमनाच्या वाटेवर काढता येणारेच खांब हवेत. हे खांब ज्यात बसतात ती जमिनीतली बाहेरची नळी तळाशी उघडी ठेवून खाली खडी भरा. नाहीतर पावसाचं पाणी साचतं, गंज धरतो आणि गणपतीपर्यंत खांब निघेनासा होतो.

ठरलेल्या तीन-चार गाड्यांना घडीचं पार्किंग लॉक, म्हणजे जागेवर उभा-आडवा करता येणारा कुलपाचा अडसर, पुरतं. बसवणारा ते घाईने पेव्हर ब्लॉकवर ठोकतो, आणि बंपरच्या पहिल्याच धक्क्याला ब्लॉकसकट उखडतं. ब्लॉक काढून खाली काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या, मग बोल्ट मारा.

बूम बॅरियर, म्हणजे वर-खाली होणारा आडवा दांडा, एकच गेट आणि वीसेक गाड्या असतील तरच. सेन्सर नसेल तर कारमागून घुसणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोक्यावर दांडा येतो. वीज गेली की हाताने उचलायची चावी लागते, आणि पाहुण्यांसाठी माणूस ठेवावा लागतोच.

दिवसभर ग्राहकांची ये-जा असलेल्या दुकानाला गर्दीच्या वेळेपुरता एक माणूस आणि रात्री खांब, ही जोडी बॅरियरपेक्षा बरी. माणूस मात्र वाटेवर उभा करा, आत खुर्चीवर नको. ‘कुठे जायचंय?’ हे चाक आत येण्याआधी विचारलं तर गाडी मागे वळते. हँडब्रेक ओढल्यावर विचारलं तर ‘दोनच मिनिटं’ ऐकावं लागतं.