क्रेट इंजिन घ्यावं की बांधून घ्यावं?

क्रेट इंजिन म्हणजे जोडून, खोक्यात येणारं तयार इंजिन. त्याच्या खर्चाचा आकडा आधीच कळतो, पण त्यात ईसीयू (इंजिनाचा संगणक), वायरिंग, माउंट (इंजिन बसवायचे आधार), हेडर (एक्झॉस्टचे पाइप) बहुधा नसतात. ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) अडला तर तोही बदला. वॉरंटी मिळते (रेसिंगला सहसा नाही, अटी वाचाच).

बांधून घेतलेल्या इंजिनाचं सगळं मशीनिस्टच्या (ब्लॉकचं यंत्रकाम करणाऱ्याच्या) हातात. टॉर्क प्लेट (हेड बसवल्यासारखा ताण देणारी जाड प्लेट) लावून होनिंग (सिलिंडर घासून मापात आणणं) झालं का, विचारा. रिंग गॅप (पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट) तर स्वतः बघा: ४ इंची बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात ०.०१६ इंच चालतो. टर्बोवर तेवढाच ठेवला तर तापून रिंगची टोकं भिडतात आणि पिस्टनचा रिंग लँड (रिंगांच्या खाचांमधला भाग) तुटतो. मापं लेखी न देणाऱ्याला काम देऊ नका.

रोजच्या गाडीला क्रेट. टर्बो लावायचा असेल किंवा गाडीचा मूळ नंबराचा ब्लॉक जपायचा असेल, तर बांधूनच घ्या.