स्पेसरचे आठ महिने: शिट्टी, पांढरा थर आणि परत आलेला आवाज

दम्याचा पंप माझ्याकडे सहा वर्षांपासून आहे. स्पेसर आला आठ महिन्यांपूर्वी, तोही आवाज बसला म्हणून. स्टेरॉइडचा पंप सकाळ-संध्याकाळ चालू होता आणि फोनवर जो तो विचारायचा, "सर्दी झालीय का?" मग घशात पांढरे चट्टे आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, पंप कसा घेता ते दाखवा. दाखवला. त्या हसल्याच. इतकी वर्षं मी बरंचसं औषध घशालाच पाजत होतो.

स्पेसर म्हणजे एक पोकळ प्लॅस्टिकची नळी. एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला झडप आणि तोंडात धरायचा भाग. एवढ्याशा डब्याने काय होणार, असं मलाही वाटलं होतं.

पंपातून फवारा सुसाट निघतो आणि सुरुवातीला त्यातले थेंब मोठे असतात. घशापाशी हवेला एकदम खाली वळावं लागतं. हवा वळते, जड थेंबाला वळता येत नाही. तो सरळ जाऊन घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो. म्हणूनच साध्या पंपातलं बऱ्याचदा 10 ते 20 टक्केच औषध फुप्फुसात पोचतं. स्पेसरमध्ये फवाऱ्याचा वेग मोडतो, थेंबातला वायू उडून थेंब बारीक होतात आणि जे जाडे उरतात ते नळीलाच चिकटतात. धुताना आत पांढरट थर दिसतो. तो पूर्वी माझ्या घशात बसत होता!

पण घसा ओलांडला म्हणजे काम झालं असं नाही. मुख्य श्वासनलिका साधारण 18 मिलिमीटर रुंद. तिचे दोन फाटे, त्यांचे पुन्हा दोन-दोन, असं करत वायुकोशांपर्यंत. फुप्फुसाच्या रचनेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ वाइबेल यांनी 1963 मध्ये मांडलेल्या आराखड्यात असे 23 टप्पे आहेत. वरच्या प्रत्येक फाट्यावर तीच आपटाआपटी. 5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड कण बहुतेक वरच अडतात. खाली मात्र नळ्या इतक्या वाढतात की सगळ्यांची मिळून रुंदी प्रचंड होते आणि हवा रेंगाळते. तिथे कण आपटत नाही, आपल्या वजनाने हळूहळू खाली बसतो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच्या कणांची गंमत वेगळीच: बसायला फार हलके, थरथरत भिंतीला लागायला फार जड. त्यातले बरेचसे उच्छ्वासाबरोबर आले तसे बाहेर.

"श्वास धरून दहापर्यंत मोजा" हे मी इतकी वर्षं कर्मकांड समजत होतो. हिशेब केला तेव्हा पटलं. 3 मायक्रॉनचा कण दहा सेकंदांत जेमतेम अडीच मिलिमीटर खाली येतो. पण टोकाकडच्या नळ्या मिलिमीटरभरही रुंद नसतात, त्यामुळे तेवढं पुरतं. लगेच श्वास सोडला तर तो अधांतरी असतानाच परत फिरणार.

माझी खरी खोड घाईची. जोरात ओढलं की जास्त औषध जाईल, हा समज. या स्पेसरला शिट्टी आहे, ओढ जोराची झाली की वाजते. पहिला महिना रोज वाजायची, घरातले हसायचे. (पावडरच्या इनहेलरचं उलटं असतं. तिथे आपल्या श्वासाच्या जोरानेच पावडर फुटते, म्हणून तो जोरातच ओढायचा. दोन्ही वापरणाऱ्यांनी गल्लत करू नये.)

आता तक्रारी. खिशात मावत नाही, प्रवासात अडचणच. सुरुवातीला मी धुऊन फडक्याने लख्ख पुसत होतो. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि बारीक औषधही आतच चिकटून राहतं. आता भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच वाळत ठेवतो. सहाव्या महिन्यात झडप कडक झाली. दुकानदार म्हणाला, "चालतंय की, वापरा." नाही वापरला, सरळ नवा घेतला. आणि दोन पफ एकदम आत सोडून वेळ वाचवायचा मोह आवरा. ते दाट ढगात एकमेकांना चिकटतात. एक पफ, लगेच श्वास, मग दुसरा.

आवाज दुसऱ्या महिन्यात सुटला, चट्टे पुन्हा आले नाहीत. चूळ मात्र अजून भरतो, थोडं औषध तोंडात राहतंच. पुढचा स्पेसर धातूचा बघणार आहे, विद्युतभाराची कटकट नको.