नमुना एक, ताका दुसरा : तंबूच्या हलक्या कापडातील फसवणूक

घरी शिवायच्या तंबूसाठी आणि स्लीपिंग बॅगसाठी हव्या त्या रंगात, हव्या त्या वजनाचे कापड खास तयार करून देतो, असे सांगणाऱ्या एका विक्रेत्याने आम्हा ट्रेकर मंडळींना फसवले. त्याची पद्धत इतरांना पैसे देण्यापूर्वीच कळावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची मागणी नेमकी होती. तंबूसाठी दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचे कोटिंग असलेले 20 डेनिअरचे (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू नये म्हणून जाड धाग्यांची चौकट विणलेले, नायलॉन हवे होते, ज्याचे वजन चौरस मीटरला साधारण 40 ग्रॅम भरते. आणि स्लीपिंग बॅगसाठी कोटिंग नसलेले, परंतु आतली पिसे बाहेर येणार नाहीत इतक्या घट्ट विणीचे 10 डेनिअरचे कापड हवे होते. त्याने पाठवलेले तळहाताएवढे नमुने अस्सल होते. रंग ठरला, आणि रंगाईचा खर्च आधी करावा लागतो असे सांगून त्याने पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. पावतीवर मात्र ‘नायलॉन कापड, खास मागणीनुसार’ एवढेच लिहिले. डेनिअर, वजन आणि कोटिंग यांचा उल्लेख त्याने शिताफीने टाळला.

माल आला तेव्हा रंग अगदी सांगितला तोच होता, पण तंबूचे कापड हाताला कडक लागत होते. दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवला, तर तो 0.68 ग्रॅम भरला. म्हणजे चौरस मीटरला 68 ग्रॅम. सिलिकॉनवर साधी चिकटपट्टी टिकत नाही, इथे ती मागच्या बाजूस घट्ट बसली, म्हणजे कोटिंग पॉलियुरेथेनचे होते. कडेला लहानसा छेद देऊन ओढताच कापड सरळ फाटत गेले. सिलिकॉनमुळे धागे किंचित सरकतात आणि ताण वाटून घेतात. पॉलियुरेथेन त्यांना जागीच जखडून ठेवते, त्यामुळे ते एकामागून एक तुटतात. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात असे कोटिंग काही वर्षांत चिकट होऊन त्याला आंबूस वास येऊ लागतो.

याहून गंभीर प्रकार स्लीपिंग बॅगच्या कापडात होता. तोंड लावून फुंकर मारली तरी हवा पलीकडे जाईना. त्यालाही कोटिंग होते. अशा कापडात रात्रभर अंगाची वाफ कोंडून राहते, पिसे ओलावतात, त्यांचा फुगारा बसतो आणि ऊब जाते. तंबू जड झाला तर पाठीवरचे ओझे वाढते, एवढेच. हिमालयातल्या थंडीत बॅग ओली झाली तर जिवावर बेतते, आणि हे कापड कशासाठी हवे आहे हे विक्रेत्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

धुतल्यावर मऊ पडेल, असे तो आधी म्हणाला. मग रंग तुमचाच आहे ना, असे विचारू लागला. आणि अखेरीस खास मागणीचा माल परत घेतला जात नाही, या वाक्यावर अडून बसला. माझ्या मते खास रंगाचे आमिष त्या वाक्यासाठीच असते. पण रंग ग्राहकाने निवडला म्हणून निकृष्ट माल खपवण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मालाच्या दर्जाविषयी खोटी माहिती देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि आयोग माल प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मूळ नमुने, सर्व संदेश आणि बाकीचा न कापलेला ताका आम्ही जपून ठेवला आहे.

अशी मागणी नोंदवणार असाल, तर डेनिअर, वजन आणि कोटिंग पावतीवर लिहून घ्या, उरलेली रक्कम देण्यापूर्वी रंगवून झालेल्या ताक्याचाच तुकडा मागवा, आणि तो काट्यावर ठेवून नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय कात्री लावू नका. व्यवहार मोठा असेल, तर मुंबईत वरळीची ‘सस्मिरा’ आणि घाटकोपरची ‘बीट्रा’ या संस्थांकडे कापडाची रीतसर तपासणी करून मिळते.