दहा मिनिटांत माती तपासणारा आला तर बांधावरूनच परत पाठवा

मोफत माती तपासून देतो म्हणत आलेल्या माणसाने माझ्या गळ्यात 50 किलोची 120 पोती चुना मारला, म्हणजे 6 टन. वर स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खताची 24 पोती. पैशाचा आकडा अजून घरातही सांगितलेला नाही, तो लिहवत नाही.

असे लोक कसे बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. मी काही अडाणी नाही. माती तपासूनच खत द्यावं हे मला पटतं, म्हणूनच तर सापडलो. त्याने शेणखताच्या ढिगाशेजारची वरवरची मूठभर माती उचलली, तेव्हाच हात धरायला हवा होता. नमुना घ्यायचा तर शेतभर नागमोडी फिरून, 15-20 ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल, सगळी माती मिसळून त्यातली अर्धा किलो. थोडी स्वतःकडेही ठेवा.

आणि तो अहवाल! माझं एक शेत हलकं, दुसरं भारी. दोन्हींचा सामू, म्हणजे pH, 5.2. इतकी आम्ल माती सुधारायला चुना टाकतात, म्हणून दोन्हींना हेक्टरी 3 टन चुना. सामू सारखा असला तरी भारी मातीला चुना जास्त लागतो, म्हणून तर किती चुना लागेल ते काढायला प्रयोगशाळेत बफर नावाच्या द्रावणात पुन्हा सामू मोजतात. हे मला ठाऊक होतं. कागद दोनदा वाचला आणि तरी हो म्हणालो. पेरणी तोंडावर होती, तो उठायला तयार नव्हता.

हलक्या शेतात कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. चुन्याने सामू चढला, म्हणून पिकाला लोह मिळेना. मग प्रयोगशाळा गाठली. चुना पडलेल्या भागाचा सामू 7.6, सुटलेल्या कोपऱ्याचा 6.7, म्हणजे ना फार आम्ल ना अल्क. चुन्याची गरजच नव्हती! आणि एकदा मातीत मिसळलेला चुना वेचून काढता येत नाही.

तपासणारा आणि विकणारा एकच असेल तर एक पोतंही घेऊ नका.

तक्रार घेऊन चार ठिकाणी फिरलो. एक म्हणाले, चुना खतात मोडत नाही. दुसरे म्हणाले, खताच्या पोत्यावर छापलंय तेच आत आहे, मग गुन्हा कसला? तिसऱ्यांना पक्कं बिल हवं. ते त्याने दिलंच नव्हतं, आणि मी मागितलं नाही. चौथ्या साहेबांनी मलाच विचारलं, "एवढं कळतं तर घेतलं कशाला?" पीक माझं गेलं, जमीन माझी बिघडली, आणि उलटतपासणीही माझीच! त्या माणसाचा फोन लावून बघायचे कष्टही कोणी घेतले नाहीत.

चुन्याची 14 पोती उरली आहेत. पंचनाम्याला कोणी येईल म्हणून त्यांना हात लावलेला नाही. अजून कोणी आलेलं नाही.