चार बाय पाच इंची शीट फिल्मचा कॅमेरा घेऊन आठ महिने झाले, आता लिहितो

सेकंडहँड लाकडी फील्ड कॅमेरा, १५० मिमीची लेन्स, सहा होल्डर (प्रत्येकात दोन बाजूंना एकेक फिल्म शीट). आठ महिन्यांत जेमतेम ४४ शीट खर्ची पडल्या, डिजिटलवर तेवढे फोटो मी सीएसएमटीला उतरून ओव्हल मैदानावर पोचेस्तोवरच काढायचो.

घेतला तो राजाबाई टॉवरसाठी. ८५ मीटर उंच, साधा कॅमेरा वर करून काढला की मागे कलंडल्यासारखा दिसतो, आणि नंतर सॉफ्टवेअरने ताणून सरळ केला की वरचं कोरीवकाम पार फुसकं होतं. इथे कॅमेरा लेव्हलला ठेवायचा आणि फक्त लेन्सचा पाट वर सरकवायचा, राइज म्हणतात त्याला. मागच्या फोकसच्या काचेवर चित्र उलटं, त्यामुळे टॉवरचं टोक खालच्या कडेतून हळूच आत येतं आणि भिंती एकदम ओळंब्यात! पहिल्यांदा बघितलं तेव्हा काळ्या कापडाखाली एकटाच हसत होतो. राइज जास्त झाला की मात्र लेन्स पाडते ते चित्राचं वर्तुळ संपतं आणि फोटोचे वरचे कोपरे काळे. काचेच्या कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघितलं की हे आधीच कळतं, मला कळलं तीन शीट घालवल्यावर.

दुसरी फजिती उजेडाची. मेगाब्लॉक चुकवायला रविवारी पहिल्या लोकलने डोंबिवलीहून यायचो, मैदान रिकामं, आणि टॉवर काळा ठिक्कर, कारण त्याचं मैदानाकडचं तोंड पश्चिमेला. त्यावर ऊन येतं दुपारनंतर, तेव्हा पुढे क्रिकेटच्या दहा मॅची. मग सकाळी पाठ फिरवून समोरच्या आर्ट डेको बिल्डिंगी काढायला लागलो, त्यांच्या गोल बाल्कन्यांवर कोवळं ऊन मस्त पडतं. २०१८ ला युनेस्कोने मैदानाचे हे दोन्ही काठ एकत्रच यादीत घेतले, आणि मी इतकी वर्षं एकाच काठाकडे बघत होतो.

त्रास? सगळं मिळून सात किलो. मे महिन्यात कापडाखाली घामाने भिजायला होतं, श्वासाने काच धुरकट होते. बेलोजला (लेन्स आणि काच जोडणारा घड्यांचा भाता) भोक निघालं, विकणारा बोलला नव्हता, अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च घालून शोधलं आणि काळी टेप मारली. पावसाळाभर लेन्स सिलिका जेलच्या डब्यात, तरी दर आठवड्याला उघडून बघायचो बुरशी आलीय का. एकदा होल्डर उलटा करायचा विसरलो, एकाच शीटवर हायकोर्ट आणि टॉवर दोन्ही. आणि वॉचमन हमखास विचारणार, "काय हो साहेब, मोजणी चाललीय का?" रिडेव्हलपमेंटची धास्ती, दुसरं काय. मी कापड वर करून काच दाखवतो, एक काका तर "अहो उलटं दिसतंय, बिघडलाय" म्हणून निघून गेले.

आता ९० ची, जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स हवीय, सीएसएमटीसमोर १५० ला मागे सरकायला जागाच नाही, लगेच रस्ता आणि बस. दोन बघून झाल्या, दोन्हींत टॉर्च मारल्यावर बुरशीचं जाळं दिसलं.