बटण अडकले होते, बदलला मदरबोर्ड : ८,४०० रुपयांची फसवणूक

माझे ८,४०० रुपये गेले, आणि ज्या बिघाडापायी गेले तो बिघाड संगणकाच्या कॅबिनेटच्या पुढच्या बटणात होता. हिशेब असा : तपासणीचे ५००, मदरबोर्डचे (संगणकातल्या मुख्य बोर्डाचे) ४,८००, एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) २,४०० आणि विंडोज पुन्हा टाकण्याचे ७००. दुरुस्तीवाल्याने जुना मदरबोर्ड ‘भंगारात जमा करतो’ असे सांगून नेला, आणि ८ जीबी रॅम काढून ४ जीबीची पट्टी बसवली, ते या हिशेबात धरलेले नाही. नवे बटण मला पुढे ६० रुपयांत मिळाले.

संगणक मी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला होता. एच-६१ चिपसेटचा, डीडीआर-३ रॅमचा, म्हणजे जुनाच, पण माझ्या कामाला पुरेसा. बटण दाबले की पंखे फिरत, दिवा लागे आणि पडद्यावर काही नीट उमटण्याआधीच सगळे बंद पडे. कधी कधी बटणाला हातही न लावता, नुसता भिंतीवरचा स्विच चालू केला तरी संगणक आपोआप सुरू होई आणि तसाच विझे. एखाद्या दिवशी मात्र काहीच तक्रार नसे. इंटरनेटवर सापडलेल्या एका दुरुस्ती सेवेला मी फोन केला आणि त्यांचा माणूस घरी आला. अशा सेवा कशा चालतात हे वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्या गोड बोलण्यात वेळ घालवत नाही.

सांगायचे आहे ते पुढचे. त्याने कॅबिनेटचे झाकण काढले, फ्रंट पॅनलकडून येणाऱ्या बारीक वायरींचे प्लग मदरबोर्डवरून उपटले आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले. संगणक सुरू झाला आणि सुरूच राहिला. पडद्यावर विंडोज आले, मला हायसे वाटले. मग त्याने प्लग परत जोडला, आणि थोड्याच वेळात सगळे बंद झाले. त्याने जीभ टाळूला लावून ‘च्च’ केले आणि म्हणाला, “बघा साहेब, बोर्ड तापला की बसतो. एसएमपीएसनेच मारलाय त्याला.” बिघाड कुठे आहे हे त्या माणसाला त्या क्षणी पक्के कळले होते, माझ्या डोळ्यांदेखत कळले होते, आणि मी त्याला पाणी विचारत होतो. हे आठवले की अजूनही कानशिले तापतात.

आता जे म्हणतील की स्वतः संगणक जोडणाऱ्याला एवढे कळू नये का, त्यांच्यासाठी. एकदा जोडलेला संगणक वर्षानुवर्षे कुणी उघडत नाही, आणि कोणती पिन कशाची हे कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय सुरू होऊन लगेच बंद पडणे हे लक्षण खरोखरच अनेक बिघाडांत दिसते : प्रोसेसरवरचा हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) सैल झालेला असतो, रॅम नीट बसलेली नसते, कुठेतरी शॉर्ट असतो किंवा एसएमपीएस दमलेला असतो. त्याने मोबाइलवर फुगलेल्या कपॅसिटरचे (बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचे) छायाचित्रही दाखवले. २००० सालाच्या आसपास सदोष कपॅसिटरमुळे असंख्य मदरबोर्ड निकामी झाले होते, हे मला माहीत होते, म्हणून ते पटले. खोटे बोलणारा माणूस अर्धे खरे सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला मूर्ख ठरवणे फार सोपे असते. छायाचित्र माझ्या बोर्डाचे आहे का, हे मात्र विचारा. माझ्या बोर्डाचे कपॅसिटर सपाट माथ्याचे, घन प्रकारचे होते, हे मला नंतर जुन्या फोटोत दिसले.

या लबाडीचे मूळ बटणाच्या कामात आहे. १९९५ साली मदरबोर्ड आणि एसएमपीएसची एटीएक्स नावाची रचना आली, तेव्हापासून कॅबिनेटवरचे बटण वीज तोडत किंवा जोडत नाही. ते दारावरच्या घंटीच्या बटणासारखे असते : दाबले की दोन पिना क्षणभर जोडल्या जातात आणि सोडले की सुटतात. मदरबोर्डला एवढाच इशारा मिळतो आणि एसएमपीएस चालू करण्याचे काम पुढे तोच करतो. त्यासाठी लागणारी ५ व्होल्टची राखीव वीज जांभळ्या वायरीतून त्याला सतत मिळत असते. हेच बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले तर संगणक सक्तीने बंद होतो, हे बहुतेकांना माहीत असते. मग जुने बटण आतल्या आत अडकून राहिले तर काय होईल? बोर्डाला वाटते की कुणीतरी बटण दाबून धरले आहे. तो सुरू होतो, चार सेकंद मोजतो आणि बंद होतो. म्हणून बंद पडण्याआधीचे सेकंद मोजा. दर वेळी तेवढाच वेळ लागत असेल तर आधी बटणावर संशय घ्या. शॉर्ट असेल तर पंखा बहुधा जेमतेम हलून थांबतो, आणि तापण्याचा दोष असेल तर दर वेळी वेळ बदलत राहते.

नव्या म्हणवणाऱ्या बोर्डावर संगणक काही आठवडे छान चालला, कारण काढघालीत बटण तात्पुरते सुटले असावे. मग तेच लक्षण जसेच्या तसे परत आले. त्या माणसाचा फोन बंद होता. तेव्हा मी पॉवर स्विचचा प्लग उपटून त्याच्या जागी रीसेट बटणाचा प्लग लावला. ते दाबताच संगणक सुरू झाला आणि सुरू राहिला. उपटलेल्या प्लगला मल्टिमीटर (वायरींची जोडणी तपासायचे यंत्र) लावला, तर बटण न दाबताही तो पिंपिं वाजत होता, म्हणजे बटण आतून जोडलेलेच होते. या दोन बटणांच्या वायरी उलटसुलट लागल्या तरी बिघडत नाही, फक्त दिव्यांच्या वायरींना दिशा असते; त्यामुळे ही अदलाबदल घरी कुणीही करू शकतो. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. भिंतीतला प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

झाकण उघडेच होते, म्हणून नीट पाहिले, आणि तेव्हा कळले की ‘नवा’ बोर्ड वापरलेला आहे. पिनांजवळ जुनी धूळ होती आणि मागची पत्र्याची पट्टी त्याच्या सॉकेटांशी जुळत नव्हती. रॅमचा आकडा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पाहिला तर ४ जीबी. दुरुस्ती करणारा घराबाहेर पडण्याआधी हा आकडा पाहा.

यानंतर तक्रारीचा प्रवास सुरू झाला, आणि खरे सांगायचे तर फसवणाऱ्यापेक्षा त्याचाच संताप अधिक आहे. पोलीस चौकीत सांगितले की हा दिवाणी वाद आहे, तुम्ही ग्राहक तक्रारीकडे जा. ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी विचारले की पक्के बिल कुठे आहे. माझ्याकडे होती ती रकमांची चिठ्ठी, आणि तिच्यावर ना दुकानाचे नाव ना सही. ज्या संकेतस्थळावरून तो माणूस मिळाला त्यांनी लिहून कळवले की ते फक्त ओळख करून देतात, तंत्रज्ञ स्वतंत्र आहे, आणि त्याच उत्तराखाली सेवेला पाच तारे देण्याची विनंती होती. बँकेने सांगितले की रक्कम तुम्ही स्वतः, स्वतःच्या हाताने पाठवली आहे, त्यामुळे ती परत मागता येणार नाही. खाते त्या माणसाच्या नावावर नसून तिसऱ्याच कुणाच्या नावावर आहे, हे मी दाखवून दिले, तर तो तपासाचा भाग आहे म्हणाले, आणि तपास कोण करणार, असे विचारले तर पुन्हा चौकीचे नाव. चौकीत परत गेलो तेव्हा जुन्या बोर्डाचा आणि रॅमचा अनुक्रमांक मागितला. घरातल्या पंख्याचा, मिक्सरचा अनुक्रमांक कोण लिहून ठेवतो? पण चोरीला गेलेली वस्तू तुमची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमचीच, असे मला शांतपणे समजावण्यात आले. दरम्यान संकेतस्थळावरची माझी तक्रार ‘निकाली’ झाली, आणि त्या माणसाची जाहिरात दुसऱ्या क्रमांकासह आजही तिथे आहे.

झाकण काढण्याआधी बोर्ड, रॅम आणि एसएमपीएसवरच्या चिकटपट्ट्यांचे फोटो काढा, बिघाडाचे निदान कागदावर लिहून घ्या, बदललेला प्रत्येक जुना भाग, अगदी जळलेला असला तरी, परत मागा, आणि प्लग उपटल्यावर संगणक चालत असेल तर पुढची एकही गोष्ट बदलू देऊ नका. माझ्या रॅमचे रिकामे खोके माळ्यावर सापडले आहे. त्यावरचा अनुक्रमांक जोडून मी तक्रार पुन्हा दाखल केली आहे.